पाखरांचें गुरुपण

परसदारीं येणाऱ्या पाखरांकडे पाहून त्यांतून स्वतःसाठीं कांहीं तात्पर्य काढावें, ही मनुष्याची फार जुनी संवय आहे. चिमणी उद्योगी, कावळा धूर्त, बगळा ढोंगी, असे धडे आपण लहानपणींच पाठ करितों; आणि ते एकदां पाठ झाले म्हणजे त्या पाखराकडे पुन्हां पाहण्याची गरज आपणांस वाटेनाशी होते. बगळा ढोंगी ठरल्यावर तो उथळ पाण्यांत तासन्‌तास कां उभा राहतो, विणीच्या दिवसांत त्याच्या पाठीवर तीं झिरझिरीत पिसें कशासाठीं येतात, हें पाहावयास कोण थांबतो? तात्पर्य हातीं आलें कीं पाहणें संपतें. म्हणून पाखरांवरून उपदेश करणारें पुस्तक समोर आलें म्हणजे आम्हांस प्रथम थोडी धास्तीच वाटते.

अंगणांत दुर्बीण व कॅमेरा घेऊन बसावें, येतील तीं पाखरें पाहावीं, त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि त्यांवरून ख्रिस्ती श्रद्धेचें चिंतन लिहावें, हा वाङ्मयप्रकार इंग्रजींत आज चांगलाच रुजला आहे. त्यांतील पुष्कळसें लेखन गोड आणि निरुपद्रवी असतें. त्याविषयीं लिहावें असें त्यांत कांहीं नसतें. परंतु जॉन स्टॉट यांचें 'द बर्ड्स अवर टीचर्स' हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक या प्रकाराची कसोटी पाहण्यास योग्य आहे. एक तर लेखक नांवाजलेले धर्मोपदेशक. आणि दुसरें म्हणजे ते हौसेखातर नव्हे, तर जन्मभर नेमानें पाखरें पाहणारे. अशा मनुष्याच्या हातूनही हा प्रकार जेथें साधला नसेल, तेथें दोष लेखकाचा नसून प्रकाराचा आहे असें समजावयास हरकत नाहीं.

स्टॉट यांचा जन्म १९२१ सालीं लंडन येथें झाला व ते २०११ सालीं वारले. त्या शहरांतील लँगम प्लेस भागांतल्या 'ऑल सोल्स' या मंदिराचे ते १९५० पासून १९७५ पर्यंत मुख्य धर्मोपदेशक होते. वडील वैद्यकीय व्यवसायांतले. मुलास रानांत नेऊन तोंड मिटून डोळे व कान उघडे ठेवण्याची शिस्त त्यांनीं लावली. पुढें धर्मकार्यानिमित्त जगभर फिरतांना हा मुलगा दुर्बीण कधीं विसरला नाहीं. या पुस्तकांतील छायाचित्रें त्यांनीं स्वतः घेतलेलीं आहेत. पुस्तकाचें नांव मार्टिन ल्यूथरच्या एका विचारावरून सुचलें आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर भाष्य करितांना ल्यूथरनें, देवानें पाखरांस आपले पंतोजी नेमलें आहे, अशा आशयाचें लिहिलें होतें. स्टॉट यांनीं या विद्येला पक्षिशास्त्र व ईश्वरशास्त्र यांचा सांधा जोडून 'ऑर्नि-थिऑलॉजी' असें एक विनोदी नांवही दिलें आहे.

प्रकरणें अकरा. डोमकावळ्याच्या उदरभरणावरून श्रद्धा, करकोच्याच्या स्थलांतरावरून पश्चात्ताप, घुबडाच्या मान वळविण्यावरून मागें व पुढें दोहोंकडे पाहणें, चिमणीच्या मोलावरून स्वतःचें मोल, कबुतराच्या पाणी पिण्यावरून कृतज्ञता, इवल्याशा हमिंगबर्डच्या शरीरव्यापारावरून कष्ट, गरुडाच्या तरंगण्यावरून स्वातंत्र्य, रॉबिनच्या हद्दीवरून स्वतःपुरती मोकळी जागा, कोंबडीच्या पंखांवरून आश्रय, चंडोलाच्या गाण्यावरून आनंद, आणि शेवटीं सर्वच पाखरांच्या वीण-संगोपनावरून प्रीति. ही यादी वाचतांनाच एक गोष्ट ध्यानांत येते. लेखकानें पाखरांना सद्‌गुण किंवा दुर्गुण चिकटविलेले नाहींत. त्यानें त्यांच्या क्रिया निवडल्या आहेत. पाणी पिणें, मान वळविणें, हद्द राखणें या गोष्टी कोणासही आपल्या डोळ्यांनीं ताडून पाहतां येतात. नीतिकथांतील बगळ्यापेक्षां ही पायरी पुष्कळच वरची आहे, आणि तिचें श्रेय लेखकास दिलेंच पाहिजे.

याला त्यांच्या धर्मग्रंथांतच आधार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशू शिष्यांना आकाशांतील पाखरांकडे पाहावयास सांगतो, तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ सहज नजर टाकणें असा नसून निरखून पाहणें असा आहे. लूकच्या शुभवर्तमानांत त्याच जागीं दुसरें क्रियापद आहे. त्याचा भाव ध्यान देऊन समजून घेणें असा होतो. शिवाय तेथें मोघम पाखरें नाहींत, डोमकावळे आहेत; आणि लेवीयांच्या ग्रंथांत ज्यांचा विटाळ मानावा म्हणून सांगितलें त्या पक्ष्यांत डोमकावळाही येतो. अमंगळ मानलेल्या पाखराकडे निरखून पाहा, अशी ही आज्ञा आहे. म्हणजे आधीं पाहणें, मग शिकणें. या प्रकारच्या कोणत्याही पुस्तकाचें मोल ठरविण्यास आम्हांस हीच कसोटी पुरेशी वाटते: पाखरूं लेखकाला आडवें येऊं शकतें काय? लेखकानें मनांत धरलेला धडा खोटा पाडण्याची मोकळीक त्यास आहे काय?

मराठी वाचकास हा प्रश्न नवा नाहीं. भागवताच्या अकराव्या स्कंधांतील अवधूतानें चोवीस गुरु केले, आणि एकनाथांच्या टीकेमुळें ते आपल्या घराघरांत पोंचले. त्यांत कपोत, म्हणजे कबूतर, आहे. पिलें पारध्याच्या जाळ्यांत सांपडलीं, त्यांच्या मागोमाग माता जाळ्यांत शिरली, आणि शोकानें भान हरपलेला पिताही तेथेंच पडला. अवधूत त्यावरून आसक्ति टाकावयास शिकतो. आतां स्टॉट यांच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय पाहा. पाखरांचा जोडा, घरटें, पिलांसाठीं सोसलेले कष्ट, याच साहित्यावरून ते प्रीतीचा धडा घेतात. कबुतराच्या बाबतींत तर तें फारच शोभतें. कारण नर आणि मादी दोघेंही आपल्या गळ्यांतील पिशवींत तयार होणाऱ्या दुधासारख्या रसावर पिलें पोसतात. एकाच घरट्यापुढें दोन भले पुरुष उभे राहिले. एकानें म्हटलें, असें प्रेम करूं नये. दुसऱ्यानें म्हटलें, असेंच करावें. कबुतरानें कोणालाच कांहीं सांगितलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग पाखरें ही गुरु नव्हेतच. तीं केवळ पाटी, आणि ज्यानें त्यानें आपलें अक्षर तीवर गिरवावें. हें मत झटकन पटण्यासारखें असलें तरी आम्हांस तें पुरतें मान्य नाहीं. पाटीस स्वतःचें असें कांहीं नसतें, पाखरास असतें. फरक पडतो तो आपण त्याच्याजवळ किती वेळ थांबतों यावर. याचीं दोन-तीन उदाहरणें या पुस्तकाच्या विषयांतूनच देतां येतील.

घुबड आपली मान जवळ जवळ पाऊण वर्तुळ फिरवूं शकतें. त्यावरून मनुष्यानें भूत व भविष्य दोहोंकडे पाहावें हा धडा सरळ निघतो, आणि थोडा स्वस्तही वाटतो. परंतु घुबडाला मान इतकी कां वळवावी लागते? त्याचे डोळे खोबणींत घट्ट बसविलेले असून ते आपल्या डोळ्यांसारखे इकडे तिकडे फिरत नाहींत. म्हणजे ज्याला आपण सामर्थ्य म्हणतों तें एका उणिवेच्या पोटीं आलें आहे. ज्याची दृष्टि जखडलेली आहे त्यानें सगळें डोकेंच वळविण्याची तयारी ठेवली पाहिजे, हा धडा पहिल्यापेक्षां खोल आहे, आणि तो पाखराच्या शरीरांतूनच निघाला आहे.

गरुडाचें तसेंच. यशयाच्या ग्रंथांत परमेश्वराची वाट पाहणारे गरुडाप्रमाणें पंख पसरून वर जातील असा भाव आहे. त्या जागीं हिब्रू भाषेंत जो शब्द आहे तो पुष्कळ अभ्यासकांच्या मतें गिधाडालाही लागू पडतो. मीखाच्या ग्रंथांत त्याच पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख आहे, आणि टक्कल गरुडापेक्षां गिधाडालाच शोभतें. धार्मिक चित्रांतील राजबिंडा गरुड काढून तेथें गिधाड बसवावें, हें भाविकाच्या जिवावर येईल. पण जरा थांबून पाहावें. जड अंगाचें गिधाड पंख मारून उंच जाऊं शकत नाहीं असें नाहीं, पण तें त्यास परवडत नाहीं. ऊन चढून जमीन तापेपर्यंत तें कड्यावर बसून राहतें. उष्ण हवेचा झोत वर निघाला म्हणजे पंख पसरून त्यांत शिरतें आणि मग घिरट्या घालीत आकाशांत जातें. वाट पाहणें व वर जाणें यांचा जो संबंध त्या वचनांत सांगितला आहे, तो या कुरूप पक्ष्याच्या दिनक्रमांत अक्षरशः घडतो. शोभेचा गरुड गेला आणि वचन अधिक खरें झालें. निरीक्षण श्रद्धेचा धडा बिघडवितें असें जे भितात, त्यांनीं हें उदाहरण ध्यानीं ठेवावें.

रॉबिनच्या बाबतींत मात्र गोष्ट इतकी सुखाची नाहीं. तांबड्या छातीचा हा चिमुकला पक्षी इंग्रजांच्या घरोघरच्या बागेंत असतो. क्रूसावरील येशूच्या रक्ताचा थेंब अंगावर पडून त्याची छाती तांबडी झाली अशी लोककथा आहे, आणि नाताळच्या पत्रिकांवर त्याचें चित्र हटकून असतें. डेव्हिड लॅक या शिक्षकानें डेव्हन प्रांतांतील डार्टिंग्टन येथें या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या अडकवून त्यांचा अनेक वर्षें मागोवा घेतला, आणि १९४३ सालीं 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हें पुस्तक लिहिलें. त्यांत काय निघालें? जें गाणें ऐकून आपण विरघळतों तें बव्हंशीं शेजाऱ्यास दिलेली ताकीद असतें. पेंढा भरलेला रॉबिन हद्दींत ठेवला तर खरा रॉबिन त्यावर तुटून पडतो. इतकेंच नव्हे, तर तांबड्या पिसांचा नुसता झुबका दिसला तरी त्यास तें आव्हान वाटतें. क्रूसाचें चिन्ह म्हणून ज्या रंगाची पूजा झाली, तोच रंग त्या पाखराच्या जगांत भांडणाचें निशाण आहे. स्टॉट यांनीं लोककथेच्या नादीं न लागतां या पक्ष्याची हद्दच आपल्या प्रकरणाचा विषय केली, हें त्यांच्या प्रामाणिकपणास धरून आहे. पण हद्दीवरून मोकळ्या जागेचा धडा काढतांना तिच्यासाठीं होणारी मारामारी बाजूस राहणें अपरिहार्य होतें. एका पाखरास एकच धडा, ही पुस्तकाची मांडणीच येथें त्याच्या आड येते.

लॅक स्वतः पुढें ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, ही गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९५७ सालीं त्यांनीं उत्क्रांतिवाद व ख्रिस्ती श्रद्धा यांवर एक लहान पुस्तक लिहिलें, आणि हा झगडा अद्याप मिटलेला नाहीं असें त्याच्या उपशीर्षकांतच कबूल केलें. ज्या मनुष्यानें रॉबिनला भांडतांना पाहिलें त्यानें विश्वास ठेवला, पण हिशेब जुळल्याचा बहाणा केला नाहीं. या वाङ्मयप्रकारांत आम्हांस जी गोष्ट सर्वांत दुर्मिळ वाटते ती हीच.

आतां चिमणी. येशूच्या तोंडीं चिमण्यांचा भाव दोन ठिकाणीं आला आहे: एका जागीं एका नाण्यास दोन, दुसऱ्या जागीं दोन नाण्यांस पांच. म्हणजे पांचवी चिमणी फुकट, घलुआ म्हणून टाकलेली. आणि देवाला तिचाही विसर पडत नाहीं. यावरून, मनुष्या, तूं तर पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहेस, असा धीर मूळ वचनांतच दिला आहे, व स्टॉट तो पुढें नेतात. यांत चूक कांहींच नाहीं. पण लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेंत १९२५ सालीं केलेल्या मोजणींत २,६०३ चिमण्या भरल्या होत्या, आणि २००० सालीं तेथें अवघ्या ८ उरल्या. म्हणजे लेखकाच्या शहरांत चिमणीवरून मनुष्याचें मोल सांगणारें पुस्तक निघालें, त्याच सुमारास त्या शहरांतून चिमणीच निघून चालली होती. २००२ सालीं ब्रिटनमध्यें तिची गणना अतिशय काळजी करण्याजोग्या पक्ष्यांत झाली. दृष्टान्त शिल्लक राहिला आणि दृष्टान्ताचें पाखरूं गेलें! त्या वचनाचा पूर्वार्ध चिमणीविषयीं आहे, हें उपदेशकांस सहज विसरतां येतें. कारण त्यांचें लक्ष उत्तरार्धाकडे, म्हणजे स्वतःकडे, लागलेलें असतें.

स्टॉट यांना हें उमगलें नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८३ सालीं पोर्तुगालमध्यें सुरू झालेल्या 'अ रोशा' या ख्रिस्ती सृष्टिरक्षक संस्थेचे ते पाठीराखे होते. आणि २०१० सालच्या आपल्या अखेरच्या पुस्तकांत, 'द रॅडिकल डिसायपल' यांत, शिष्यत्वाच्या आठ लक्षणांपैकीं एक म्हणून त्यांनीं सृष्टीची निगा राखण्यास स्वतंत्र प्रकरण दिलें. पाखरांस गुरु म्हणणारा मनुष्य शेवटीं त्या गुरूंच्या घराची चिंता करूं लागला. गुरुपणाचा हाच खरा पुरावा; नुसत्या धड्यांत तो नसतो.

छायाचित्रांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण या प्रकारांत कॅमेऱ्यास दुर्बिणीइतकेंच महत्त्व आहे. रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं घरट्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक काढलें, तेव्हांपासून बंदुकीऐवजीं कॅमेरा हातांत घेणें हें दयेचें लक्षण मानलें गेलें, आणि तें बरोबरच होतें. कॅमेरा मनुष्यास थांबावयास शिकवितो. पहांटेपासून एका फांदीसमोर श्वास रोखून बसणें, आणि पाखरूं आपल्या इच्छेनें नव्हे तर त्याच्या इच्छेनें येतें हें मान्य करणें, यांत प्रार्थनेशीं कांहीं नातें आहे, असें श्रद्धाळू मनुष्यास वाटलें तर आम्ही त्यास हंसणार नाहीं. परंतु कॅमेऱ्यास आणखी एक संवय असते. तो चौकटीबाहेरचें दाखवीत नाहीं. आणि चौकट सुंदर व्हावी म्हणून मनुष्यास हात पुढें करावयास लावतो.

आमच्याच परसांतली गोष्ट सांगतों. जास्वंदीच्या झुडपांत बुलबुलानें घरटें केलें होतें. पिलांच्या उघड्या चोंचींवर पानांची सावली येत होती, म्हणून दोन डहाळ्या सुतळीनें बाजूस ओढून बांधल्या आणि चित्र घेतलें. चित्र उत्तम आलें. मातेच्या चोंचींतला किडासुद्धां त्यांत स्पष्ट दिसतो. संध्याकाळीं डहाळ्या सोडावयाचें राहून गेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कावळ्यानें घरटें रिकामें केलें होतें. तें चित्र ज्यांनीं पाहिलें त्यांना त्यांत वात्सल्य दिसलें, कोणास ईश्वराची कृपाही दिसली. ती सुतळी कोणास दिसली नाहीं, कारण ती चौकटीच्या बाहेर होती. तेव्हांपासून पाखराचें कोणतेंही फार सुंदर चित्र, आणि त्याच्या खालचें फार सुंदर तात्पर्य, पाहिलें म्हणजे आमची नजर आधीं कडेला जाते.

कडेला असलेल्या गोष्टींत सर्वांत अवघड ती कोकिळेची. आपल्याकडील कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालते, हें सर्वांस ठाऊक आहे. युरोपांतील कुक्कू पक्ष्याचें पिलूं याहून पुढें जातें. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनीं १७८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वर्णिलें आहे कीं, अंड्यांतून नुकतेंच निघालेलें, डोळेही न उघडलेलें तें पिलूं घरधन्याचीं अंडीं व पिलें आपल्या खोलगट पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतें. पाखरांच्या वीण-संगोपनावरून प्रीतीचा धडा घेणाऱ्यानें या पिलाला काय म्हणावें? हा प्रश्न एका स्टॉट यांना नाहीं. अवधूतालाही तो आहे, आणि आमच्या बुलबुलाचें चित्र पाहून डोळे पुसणाऱ्यांनाही. पाखरें जर गुरु असतील तर कुक्कूचें पिलूंही गुरुच आहे. त्याला शाळेंतून काढून टाकून शाळा चांगली चालली असें म्हणतां येणार नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या 'केवढें हें क्रौर्य' या कवितेची येथें आठवण होते. मनुष्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण आपल्या पिलांपर्यंत पोंचूं पाहते, एवढाच तीतला प्रसंग. कवीनें तेथें पाखरास कशाचाही दृष्टान्त केलेलें नाहीं. ती पक्षीण शेवटपर्यंत पक्षीणच राहते, आणि लाज वाटावयाची ती वाचणाऱ्यास वाटते. पाखरापासून शिकण्याची ही दुसरी रीत आहे. इंग्रजींत तिचा जुना धडा सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटनें घालून दिला. तोही धर्मोपदेशकच, एकाच गांवांत, बव्हंशीं आपल्या बागेंत व आसपासच्या टेकड्यांवर, त्यानें वर्षानुवर्षें नोंदी केल्या, आणि डोळ्यांस सारख्या दिसणाऱ्या तीन लहान पक्ष्यांच्या जाती केवळ त्यांच्या आवाजावरून वेगळ्या ओळखल्या. १७८९ सालीं निघालेल्या त्याच्या पुस्तकांत उपदेश शोधूं गेल्यास फार थोडा सांपडतो. तरी तें वाचून मिटतांना मन नम्र होतें. तें कां, याचें उत्तर त्या तीन आवाजांत आहे.

स्टॉट यांचें पुस्तक या दोन रीतींच्या मध्यें कोठेंतरी उभें आहे. तें उपदेशकाचें पुस्तक आहे, आणि उपदेशकास प्रकरणाच्या शेवटीं कांहीं तरी हातावर ठेवावें लागतें. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं धडा आधीं ठरलेला व पाखरूं मागून बोलावलेलें, असें वाटतें. पण त्यानें बोलावलेलीं पाखरें खरीं आहेत. कबूतर इतर पाखरांसारखी मान वर न करितां चोंच बुडवून पाणी ओढून घेतें, ही गोष्ट एकदां त्याच्या पुस्तकावरून कळली कीं वाचक दुसऱ्या दिवशीं कौलांवरच्या पारव्याकडे पाहिल्याशिवाय राहणार नाहीं. तेथें तो लेखकाच्या धड्याशीं सहमत होईल वा न होईल; पण तो पाहील. ज्या पुस्तकानें वाचकास पुस्तकांतून उठवून परसांत नेलें, त्याचे बाकीचे दोष आम्ही सौम्यपणें मोजूं.

मात्र अंगणांतून लिहिणाऱ्या नव्या लेखकांनीं एक पथ्य पाळावें. जें पाखरूं आपल्या श्रद्धेस सोयीचें आहे त्याच्यासमोर जितका वेळ बसतां, तितकाच वेळ गैरसोयीच्या पाखरासमोरही बसावें. आणि चित्र घेऊन झालें कीं बांधलेल्या डहाळ्या आधीं सोडाव्या, तात्पर्य मग लिहावें.